दार लोटल्यानंतरचा पहिला अर्धा तास

सीबीडी बेलापूर हे नगर कचेरीच्या घड्याळावर वसविलेले आहे. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना होऊन मुंबईचा अतिरिक्त भार खाडीपलीकडे नेण्याची जी योजना अंमलात आली, तीत बेलापूरला प्रशासकीय आणि व्यापारी केंद्राचे स्थान मिळाले. आणि म्हणूनच सिडको भवन, कोकण विभागीय आयुक्तांचे दफ्तर सांभाळणारे कोकण भवन, रिझर्व्ह बँकेची कचेरी, महानगरपालिकेचे मुख्यालय असा सगळा सरकारी-निमसरकारी लवाजमा पारसिकच्या टेकडीपासून खाडीच्या काठापर्यंतच्या लहानशा टापूत एकवटलेला दिसतो. राज्य शासनाने 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू केला, तेव्हा कामकाजाची वेळ सकाळी 9.45 ते सायंकाळी 6.15 अशी मुक्रर झाली. जाण्यायेण्याची, बाजारहाटाची आणि लोकल चुकण्याची भर तीत घातली, म्हणजे नोकरदार दांपत्याचे घर नऊ-साडेनऊ तास सहज रिकामे राहते. आणि त्या रिकाम्या घरात जो एक जीव मागे उरतो, त्याची या वेळापत्रकाला संमती आहे किंवा नाही, अशी पृच्छा कोणी केलेली नसते.

हे वेळापत्रक अंगवळणी पडण्यापूर्वीच, महिन्याभराच्या आत टाळेबंदी आली. घरे अहोरात्र माणसांनी भरून गेली, मुले कंटाळली, आणि ज्या घरांतून एरवी ‘सांभाळणार कोण?’ या एका प्रश्नावर कुत्र्याचा विषय निकालात निघत असे, त्या घरांतून पिल्ले आली. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी 1965 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे दाखविले आहे की, पिल्लाच्या वयाचा साधारण तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा त्याच्या मनावर जगाचे पहिले ठसे उमटण्याचा काळ असतो. या पिल्लांच्या मनावर त्या काळात आणि त्यानंतरही कित्येक महिने उमटलेला ठसा हाच की, घर म्हणजे माणसे. पुढे कचेऱ्या उघडल्या, हजेरीपट पूर्ववत झाले आणि एके सकाळी ती सगळी माणसे एकदम नाहीशी झाली. एकटेपणाला भिणाऱ्या प्रत्येक कुत्र्याच्या भयाचे मूळ टाळेबंदीत आहे असे अर्थातच नव्हे. घर बदलणे, मालक बदलणे, घरातील एखाद्या माणसाचे कायमचे जाणे, एवढ्यानेही हा विकार जडतो. पण बेलापूरसारख्या नोकरदारांच्या वस्तीत तो ठळकपणे नजरेस आला तो या उलथापालथीमुळे, असे मला वाटते.

मालकाला या गोष्टीची पहिली वार्ता बहुधा सोसायटीच्या सेक्रेटरीकडून मिळते. ‘तुम्ही गेल्यावर तुमचा कुत्रा तासभर रडतो’ अशी तोंडी तक्रार प्रथम येते, मग लेखी येते. आणि इकडे घरात दाराच्या चौकटीचा खालचा कोपरा कुरतडलेला, पायपुसण्याच्या चिंध्या झालेल्या, फरशीवर लाळेचे आणि क्वचित मूत्राचे थारोळे, असा मुद्देमाल सापडतो. यावर मालकमंडळी जो अन्वयार्थ लावतात तो प्रायः तीन प्रकारचा असतो: कुत्रा द्वाड आहे; किंवा आपण त्याला सोडून गेलो याचा तो सूड घेत आहे; किंवा त्याचे आपल्यावर आत्यंतिक प्रेम आहे. पहिल्या दोन अन्वयार्थांना पुरावा म्हणून असे सांगण्यात येते की, आपण घरात पाऊल टाकताच तो कान पाडून, मान खाली घालून, चोरासारखा कोपऱ्यात जातो, त्याअर्थी त्याला अपराधाची जाणीव आहे. अलेक्झांड्रा होरोविट्झ या न्यूयॉर्कच्या विदुषीने 2009 साली एका साध्या प्रयोगाने या पुराव्याचा निकाल लावला: ज्या कुत्र्यांनी काहीही आगळीक केली नव्हती, त्यांनाही मालकाने रागे भरताच त्यांच्या चेहऱ्यावर तोच ‘अपराधी’ भाव उमटला. म्हणजे तो भाव मागील कृत्याचा कबुलीजबाब नसून समोरच्या माणसाच्या मुद्रेला दिलेला प्रतिसाद असतो. तिसरा अन्वयार्थ अधिक मोहक, आणि म्हणून अधिक घातक. धन्याच्या चितेत उडी घेणाऱ्या वाघ्याच्या दंतकथेवर (तिच्या ऐतिहासिकतेचा वाद बाजूस ठेवू) आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या आहेत. धन्यावाचून जगू न शकणे हाच कुत्र्याचा परमधर्म, अशी आपली समजूत त्यामुळे होऊन बसली आहे. बंद दारापाशी धापा टाकणारा प्राणी त्या क्षणी धर्माचरण करीत नसतो. त्याला भयाने ग्रासलेले असते, आणि ते भय शारीरिक असते: हृदयाचे ठोके वाढतात, लाळ गळते, मूत्राशयावरचा ताबा सुटतो.

लाड केल्याने कुत्रा असा होतो, हेही एक सार्वत्रिक मत आहे, आणि ते विशेषतः घरातील आजोबा मोठ्या निश्चयाने मांडतात. टफ्ट्स विद्यापीठातील फ्लॅनिगन आणि डॉडमन यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत या विकाराचा लाड करण्याशी संबंध आढळला नाही. घरात दुसरा पाळीव प्राणी असण्या-नसण्याशीही आढळला नाही. तेव्हा कुत्रा पलंगावर झोपतो म्हणून घरात भांडणे करू नयेत, आणि सोबतीकरिता म्हणून दुसरा कुत्रा आणण्याची घाई तर मुळीच करू नये. भित्र्या कुत्र्याला माणसाची सोबत हवी असते. दुसऱ्या कुत्र्याने ती उणीव भरून निघेल याची शाश्वती नाही, आणि एकाच्या ठिकाणी दोन रडू लागल्यास सेक्रेटरीसमोर उभे राहण्याचीही सोय उरणार नाही.

उपायाकडे वळण्यापूर्वी चौकशी रीतसर झाली पाहिजे. शेजाऱ्यांची साक्ष ऐकीव असते आणि घरातील मुद्देमाल अपुरा असतो. म्हणून घरातला एखादा जुना मोबाइल चार्जरला लावून, दाराकडे तोंड करून, पुस्तकांच्या कपाटावर ठेवावा आणि त्यावर चित्रण सुरू करून नेहमीप्रमाणे बाहेर पडावे. या एका चित्रफितीतून जितका बोध होतो तितका दहा जणांच्या सल्ल्यातून होत नाही. एकटेपणाला भिणाऱ्या कुत्र्याची अस्वस्थता दार लोटल्यापासून काही मिनिटांतच, बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासाच्या आत, दिसू लागते: तो दार आणि खिडकी यांच्यामध्ये येरझारा घालतो, उंबऱ्याशी नाक लावतो, खाल्लेले सोडून उठतो, धाप लागल्यासारखा श्वास घेतो, मग कण्हतो, मग भुंकतो किंवा लांब सूर काढून रडतो. याउलट जो कुत्रा दोन तास स्वस्थ झोपून, उठून, आळस देऊन, मग तुमची चप्पल निवांतपणे चघळू लागतो, तो भ्यालेला नसून कंटाळलेला असतो, आणि त्याला सकाळी अधिक फिरविणे व चघळायला योग्य वस्तू देणे एवढा उपाय पुरतो. तिसरा एक प्रकार असा की, कुत्रा फक्त जिन्यात पावले वाजली किंवा लिफ्टचे दार आपटले म्हणजे भुंकतो आणि पुन्हा निजतो; त्याला रस्त्याकडच्या वा जिन्याकडच्या खोलीतून आतल्या खोलीत हलविले, पंखा आणि रेडिओ चालू ठेवला, की बराच फरक पडतो. वयोवृद्ध कुत्रा अचानक असे वागू लागला असेल, अथवा घरात माणसे असतानाही लघवी होत असेल, तर मात्र प्रथम पशुवैद्याला दाखवावे. मूत्रमार्गाचा दाह, मधुमेह, संधिवात, म्हातारपणचा बुद्धिभ्रंश यांपैकी काहीही असू शकते, आणि दुखणे असताना शिकवणीचा आग्रह धरणे हा अन्याय होय.

आता मुख्य तत्त्व. भयाला युक्तिवाद समजत नाही आणि शिक्षेने ते वाढते. जोसेफ वोल्प या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या मनोवैद्याने, माणसांच्या भयांवर इलाज शोधीत असताना, 1958 साली जी पद्धत ग्रंथरूपाने मांडली, तिचा सारांश इतकाच की, भीतिदायक गोष्ट इतक्या अल्प मात्रेत समोर आणावी की भय उत्पन्नच होऊ नये, आणि मग ती मात्रा हळूहळू वाढवीत न्यावी. पशुवर्तनाच्या शास्त्राने हीच पद्धत कुत्र्यांना लावली आणि आजही तिच्याहून भरवशाचा मार्ग नाही. ‘रडू दे, रडून रडून गप्प होईल’ हा उपदेश या तत्त्वाच्या नेमका उलट जातो. कुत्रा कधी काळी गप्प होतोही. पण त्याचे कारण बहुधा थकवा हेच असते, आणि दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीचा आवाज होताच भय पुन्हा उभे राहते, किंबहुना अधिक जोमाने उभे राहते.

या तत्त्वातून निघणारे पहिले कलम पाळायला सर्वांत अवघड आहे: शिकवणी चालू असेतोपर्यंत कुत्र्याला, तो जितका वेळ निर्भयपणे राहू शकतो त्याहून एक क्षणही अधिक, एकटे ठेवू नये. हे वाचून नोकरदार वाचक मान हलवील, कारण कचेरीला ही सबब चालत नाही. तथापि याला पर्याय नाही. सकाळी पाच मिनिटे शिकविणे आणि मग नऊ तास घाबरविणे यांची बेरीज शून्याच्याही खाली जाते. म्हणून काही आठवड्यांचा, कधी काही महिन्यांचा, बंदोबस्त आधी केला पाहिजे. दोघांपैकी एकाला आठवड्यातून एकदोन दिवस घरून काम करण्याची मुभा मिळते का, दोघांच्या वेळा पुढेमागे करता येतात का, याची तजवीज प्रथम पाहावी. पुष्कळदा शेजारच्याच इमारतीत एखादे निवृत्त गृहस्थ असतात, ज्यांना कुत्रा पाळण्याची हौस असते पण या वयात जबाबदारी नको असते. ते आपले वर्तमानपत्र घेऊन तुमच्या घरी, किंवा कुत्रा त्यांच्या घरी, आनंदाने बसतात. महाविद्यालयात शिकणारा एखादा मुलगा अभ्यासाला शांत जागा शोधीत असतो. कामाला येणाऱ्या मावशींना कुत्र्याचे भय नसेल, तर दोन तासांचे वेगळे पैसे ठरवून त्यांना विचारण्यास प्रत्यवाय नाही. दिवसा कुत्रे सांभाळणाऱ्या खाजगी व्यवस्थाही आता नवी मुंबईत आहेत. पण तेथे आधी स्वतः जाऊन, जागा, हवा आणि कुत्र्यांची संख्या डोळ्यांनी पाहूनच निर्णय घ्यावा.

येथे एक विषयांतर करण्याचा मोह होतो. चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात बेलापूरच्या सेक्टर 8 मध्ये जी ठेंगण्या घरांची वसाहत रचली, आणि जी आर्टिस्ट व्हिलेज या नावाने ओळखली जाते, तीत सात-सात घरे एका लहानशा सामायिक अंगणाभोवती मांडलेली होती. आज तेथील पुष्कळ घरांचे रूप पालटले आहे. परंतु अशा अंगणाच्या रचनेत कुत्रा खऱ्या अर्थाने एकटा क्वचितच राहतो, कारण कोणाचे तरी दार उघडे असते, कोणी तरी तांदूळ निवडीत बसलेले असते. सातव्या मजल्यावरच्या सदनिकेत हे सारे मुद्दाम, वेळ ठरवून, मोबदला देऊन उभारावे लागते. शहराच्या आखणीत कुत्र्याचा विचार कोणी केला नसेल, पण अंगणाचा विचार केला की तो आपोआप होतो, इतके म्हणून मूळ विषयाकडे येतो.

बंदोबस्त झाला म्हणजे निघण्याच्या खुणांकडे लक्ष द्यावे. माणूस बाहेर जाण्यापूर्वी कपाट उघडतो, ओळखपत्राची दोरी गळ्यात घालतो, डबा पिशवीत ठेवतो, किल्ल्यांचा जुडगा उचलतो, बूट चढवितो. आणि या क्रमातील तिसऱ्या-चौथ्या पायरीलाच कुत्रा उठून मागे मागे फिरू लागतो, कारण पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला घंटेचा अर्थ जसा कळला होता तसाच याला जुडग्याचा कळलेला असतो. यासाठी दिवसातून अनेकदा किल्ल्या उचलाव्यात आणि दूरदर्शनसमोर जाऊन बसावे; बूट घालून स्वयंपाकघरात चहा करावा; ओळखपत्र गळ्यात अडकवून भाजी निवडावी. किल्ल्यांचा आवाज होऊनही कुत्रा डोके वर न करता निजून राहिला, म्हणजे त्या खुणेतील विष उतरले असे समजावे. सर्वच खुणा अशा पुसून काढण्याची गरज नसते. ज्या एकदोन खुणांनी त्याची धांदल उडते, त्यांवरच श्रम करावेत.

दारापाशी करावयाचा अभ्यास जवळून पाहू. समजा, मोत्या नावाचा एक गावठी कुत्रा हॉलमध्ये आपल्या सतरंजीवर पहुडला आहे; सकाळचे फिरणे आणि लघवी उरकली आहे; घरातील दुसरे माणूसही बाहेर, जिन्यात जाऊन उभे आहे, कारण आत कोणी बसले असता एकटेपणाचा अभ्यास होतच नाही. तुम्ही सहज उठून दारापर्यंत जाता, कडीला हात लावता आणि परत येऊन बसता. मोत्याचे कान उभे राहिले, पण अंग सतरंजीवरच आहे. पुन्हा जाता, लॅच फिरविता, दार वीतभर उघडून मिटता, परत येता. आता त्याने मान उचलली, एकदा जांभई दिली आणि ओठांवरून जीभ फिरविली. ही जांभई झोपेची नव्हे, आणि जीभही भुकेने फिरविलेली नाही. अस्वस्थतेचे हे पहिले, बारीक लक्षण होय, आणि ते ओळखण्यातच या विद्येचे अर्धे मर्म आहे. अशा वेळी पुढची पायरी गाठायची नाही. मिनिट-दोन मिनिटे काहीच न करता बसावे, त्याचे अंग पुन्हा सैल पडू द्यावे, आणि मग आधीचीच सोपी पायरी, नुसते दारापर्यंत जाऊन येणे, दोनदा करावी. त्यानंतर कधी तरी दाराबाहेर पाऊल, दार मिटणे, लगेच आत येणे. मग दोन सेकंद, मग पाच, पुन्हा तीन, मग आठ. दुधावर लक्ष ठेवणारी गृहिणी साय थरथरताच आच कमी करते, उतू गेल्यावर धावत नाही; तसे कण्हण्याच्या आधी परत यावयाचे असते. कण्हणे सुरू झाले की आत यावे की थांबावे, असा प्रश्न नेहमी विचारतात. यावे, निःसंशय यावे, आणि पुढच्या वेळी मुदत कमी करावी. आपण आत आल्याने त्याला रडण्याची सवय लागेल ही भीती अनाठायी आहे, कारण भय हे बक्षिसाकरिता केलेले नाटक नसते.

मुदत सरळ चढत्या भाजणीने वाढविणे ही सर्वांत सामान्य चूक. दहा, वीस, तीस, चाळीस सेकंद अशा क्रमाने गेल्यास कुत्र्याला इतकेच कळते की, दर खेपेला गोष्ट अधिकाधिक वाईट होत आहे. म्हणून मोठ्या खेपेच्या मागेपुढे लहान खेपा पेराव्यात. अशा रीतीने रोज एकच बैठक, प्रारंभी पंधरा-वीस मिनिटांहून अधिक नाही, आणि आठवड्यातून एकदोन दिवस पूर्ण सुट्टी, असा नेम ठेवावा. प्रत्येक खेपेची नोंद एका वहीत, कारकुनी काटेकोरपणे, लिहून ठेवावी: किती वेळ, कोणत्या प्रहरी, त्याने काय केले. मोबाइलवरील चित्र जिन्यात उभे राहून दुसऱ्या मोबाइलवर पाहता येते, त्यामुळे ही नोंद अंदाजाने करण्याचे कारण नाही. पहिल्या काही मिनिटांपर्यंतची मजल अत्यंत मंद असते आणि पुष्कळांचा धीर तेथेच सुटतो. परंतु भयाचा जोर पहिल्या अर्ध्या तासात सर्वाधिक असल्यामुळे, तो अर्धा तास ज्याने स्वस्थपणे काढला त्याची पुढील मजल बहुधा मोठ्या टप्प्यांनी होते. पाच-पाच मिनिटांच्या जागी मग पंधरा-पंधरा मिनिटे वाढविता येतात. मध्येच चार दिवस मागे जावे लागले, तर ते या शिकवणीत गृहीतच धरलेले असते.

खाऊच्या बाबतीत थोडा विवेक हवा. पोकळ रबरी खेळण्यात दहीभात किंवा उकडलेले कोंबडीचे मांस भरून, ते गोठवून, निघताना देण्याची युक्ती कंटाळलेल्या कुत्र्याला उत्तम लागू पडते; पण भ्यालेला कुत्रा एक तर त्याला तोंड लावीत नाही, किंवा खाऊ संपेपर्यंत शांत राहतो आणि संपताच भानावर येऊन दुप्पट घाबरतो. कलकत्त्याच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील संशोधकांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, अनोळखी माणसावर विश्वास बसण्यास रस्त्यावरच्या कुत्र्यांना अन्नापेक्षा हाताचा स्पर्श अधिक उपयोगी पडला. रस्त्यावरून उचलून आणलेला गावठी कुत्रा दणकट, त्याला कोणाची पर्वा नसते, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. खाऊ द्यायचाच तर त्यात मनुके, चॉकलेट, कांदा आणि झायलिटॉल हा गोड पदार्थ असलेले काहीही असू नये. हे सारे कुत्र्यांना विषसमान आहे.

पिंजऱ्याविषयी आणि गळपट्ट्यांविषयी दोनच वाक्ये पुरे. पिंजऱ्यात आपण होऊन झोपणाऱ्या कुत्र्याला तो सुखावह असतो, पण घाबरलेल्या कुत्र्याला त्यात कोंडल्यास तो गजांवर दात आणि नखे मोडून घेतो. आणि भुंकताच विजेचा झटका देणारा वा उग्र वास सोडणारा गळपट्टा हे घाबरलेल्याला घाबरल्याबद्दल दंड करण्याचे यंत्र आहे, ते घरात आणू नये.

काही कुत्र्यांचे भय इतके तीव्र असते की पाच सेकंदांची खेपही त्यांना पेलत नाही. अशांच्या बाबतीत औषधाचा संकोच बाळगणे मला निर्दयपणाचे वाटते. क्लोमिप्रॅमिन आणि फ्लुओक्सेटिन ही दोन औषधे कुत्र्यांतील या विकाराकरिता अमेरिकेत रीतसर मंजूर झालेली आहेत. ती गुंगीची औषधे नव्हेत. त्यांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात, आणि वर वर्णिलेल्या अभ्यासाच्या जोडीने दिली तरच त्यांचे चीज होते. मात्रा वजनावर आणि यकृत-मूत्रपिंडांच्या स्थितीवर अवलंबून असल्याने ती पशुवैद्यानेच ठरवावी आणि औषध मनाने एकदम बंदही करू नये. स्थानिक पशुवैद्याला हा विषय परका वाटल्यास, परळला 1886 साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे विचारणा करावी. आणि जाताना ती चित्रफीत व नोंदवही बरोबर न्यावी, कारण दवाखान्याच्या टेबलावर कुत्रा घरातल्यासारखा कधीच वागत नाही. माणसांच्या तापाच्या वा दुखण्याच्या गोळ्या मात्र चुकूनही देऊ नयेत.

ऋतूचा विचार बेलापूरकरांना करावाच लागतो. जून-जुलैच्या गडगडाटात आणि दिवाळीच्या आठवड्यात एकटे राहण्याचा अभ्यास स्थगित ठेवावा, कारण आवाजाचे भय आणि एकटेपणाचे भय एकमेकांत मिसळले म्हणजे दोन्ही घट्ट होतात; त्या दिवसांत घरी माणूस असेल एवढेच पाहावे. एप्रिल-मेमध्ये खिडक्या बंद केलेले घर दुपारी भट्टीसारखे तापते, तेव्हा पंखा, दोन ठिकाणी पाणी आणि पडदे यांची तरतूद असल्याखेरीज त्याला मागे ठेवू नये. आणि गॅलरीत तर कोणत्याच ऋतूत नाही. घाबरलेला कुत्रा ग्रिलच्या फटीतून डोके काढतो, आणि ग्रिल नसलेल्या ठिकाणी तो उडीही मारतो.

शेजाऱ्यांशी व्यवहार कसा ठेवावा, हेही या शिकवणीचेच अंग आहे. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने 2015 साली काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे कोणत्याही सोसायटीला, बहुमताच्या ठरावानेसुद्धा, पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. तो भुंकतो ही सबबही त्यास पुरेशी धरलेली नाही. पण कायद्याचे कलम दाखवून शेजाऱ्याची दुपारची झोप परत आणता येत नाही. त्यापेक्षा वरच्या, खालच्या आणि समोरच्या घरी स्वतः जाऊन, कुत्र्याला भीतीचा विकार आहे, त्यावर उपाय चालू आहे, आणि तो रडू लागल्यास या क्रमांकावर कळवावे, असे सांगून आल्यास निम्मी तक्रार तेथेच मिटते. शिवाय फुकटचे साक्षीदार मिळतात. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लशीचा दाखला जवळ असावा. आणि मालकानेही एक कलम स्वतःकरिता वाचून ठेवावे: 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या 11 व्या कलमानुसार, सदैव साखळीने बांधलेल्या वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणे हा मालकाचा गुन्हा आहे.

शेवटी, ही शिकवणी पूर्ण झाली तरी तिची मर्यादा ओळखावी. कुत्रा तीन-चार तास निर्धास्त झोपू लागला, म्हणजे त्याला कचेरीचा संपूर्ण दिवस एकट्याने काढता येतो असे नव्हे. त्याचे मूत्राशय कोणत्याही नियमावलीने बांधलेले नसते. दुपारी एकच्या सुमारास कोणी तरी येऊन त्याला खाली नेऊन आणील अशी कायमची व्यवस्था ठेवावी, आणि ती व्यक्ती येण्याची वेळ अर्ध्या तासाने इकडेतिकडे होऊ द्यावी, म्हणजे तो घड्याळाकडे डोळे लावून बसणार नाही. कचेरीत पुन्हा रुजू होण्याचा पहिला दिवस सोमवार ठरवू नये. शनिवार-रविवार दोन दिवस अखंड सहवास मिळाल्यावर सोमवारची सकाळ सर्वच कुत्र्यांना जड जाते. बुधवारी किंवा गुरुवारी सुरुवात करून अर्ध्या दिवसाच्या रजा वापरून घ्याव्यात. आणि पुढेही दर रविवारी संध्याकाळी, काही काम नसले तरी, वीस-पंचवीस मिनिटे सर्वांनी मिळून बाहेर पडावे, खाडीच्या बाजूला एक फेरी मारावी, आणि मोबाइलवर तो झोपला आहे ना एवढे पाहून परत यावे.